जुन्या रोडस्टरचा हॉट रॉड करताय? या चुका तरी टाळा

"काका, गाडी झालीच आहे. फक्त दारं लागत नाहीयेत."

या 'फक्त'ला मी आता घाबरतो. फोनच्या पलीकडे सॅन डिएगोचा एक मुलगा होता. नोकरी सॉफ्टवेअरची, १९३०ची फोर्ड मॉडेल ए रोडस्टर घेतलेली, तिचा हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीत फेरफार करून तिला वेगवान करायचं, हा हातातला पहिलाच प्रोजेक्ट.

"फ्लोअर कापलास?" मी विचारलं.

"हो, बॉडी चार इंच खाली घ्यायची होती ना."

"कापायच्या आधी आतून पाइप मारले होतेस?"

फोन कट झाला की काय, असं वाटण्याइतकी शांतता.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात मामांच्या लेथवर हात काळे करत वाढलो, आणि आता लॉस एंजेलिसजवळ राहतो. मराठी मंडळात कुणीतरी सांगून ठेवलंय की याच्याकडे जुनी फोर्ड आहे, तेव्हापासून असे फोन येतात. चुका मात्र तिकडच्या असोत वा इकडच्या, त्याच त्या. म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

पहिली गोष्ट म्हणजे रोडस्टरला छप्पर नसतं. हसू नका, निम्मी रडगाणी इथूनच सुरू होतात. कूप किंवा सेडान म्हणजे झाकण असलेला पुठ्ठ्याचा खोका. रोडस्टर म्हणजे त्याचंच झाकण फाडून टाकलेलं. आता त्या खोक्याचा तळही कापून बघा. मॉडेल एमध्ये पुढचा काउल (डॅशबोर्डभोवतीचा भाग) आणि मागचा टब (सीटमागचा भाग) यांना जोडून ठेवणारं दाराखाली काय असतं? फ्लोअर आणि दोन बाजूंचे सबरेल, म्हणजे बॉडीखालच्या लांब पट्ट्या, बस्स. बॉडी चासीवर खाली उतरवायची, म्हणजे चॅनेल करायची, तर नेमकं तेच कापावं लागतं.

हे मला कळलं ते पुस्तकातून नाही. माझी १९२९ची बॉडी मी एका शनिवारी संध्याकाळी आधाराच्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवली, एक काउलखाली आणि एक मागे. ग्राइंडर घेतला आणि दोन तासांत फ्लोअर मोकळा केला. फार हलकं वाटलं. रविवारी नवा फ्लोअर टाके मारून बसवला आणि सोमवारी ऑफिसहून आल्यावर पूर्ण वेल्ड केला. मग दारं लावायला गेलो. डावं दार वरच्या कोपऱ्यात पत्र्याला घासत होतं. आधी जिथे तीन षोडशांश इंच फट होती, तिथे आता नखही जात नव्हतं, आणि खाली मात्र बोट घाला. आधार दोन टोकांना, त्यामुळे मधून झोळ पडला होता आणि तो झोळ मीच स्वतःच्या हातांनी वेल्ड करून कायमचा केला होता.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहतात. तरुणपणी एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर गाड्या पळवलेले. ते आले, दार दोनदा उघडलं, दोनदा लावायचा प्रयत्न केला आणि काही न बोलता माझ्या बिजागऱ्यांकडे बघून मान हलवली. मी बिजागरीत शिम घालून बघितले, दार वाकवून बघितलं, कडा घासल्या. सगळं झाल्यावर नवा फ्लोअर कापून काढला. पाच महिने गेले.

आता माझी पद्धत सांगतो. दुसऱ्यांची वेगळी असेल, पण माझी दारं लागतात. बॉडी शक्य तोवर चासीवरच बोल्टने कसलेली ठेवायची. दारं लावायची, काढायची नाहीत. फटींमध्ये रंग ढवळायच्या लाकडी पट्ट्या खोचायच्या. रंगाच्या दुकानात त्या फुकट मिळतात आणि जाडी सगळीकडे सारखी असते. मग एक इंची चौकोनी पाइप: एक डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंत आडवा, दोन तिरके फुलीसारखे, आणि प्रत्येक दाराच्या आतल्या बाजूने काउलपासून टबपर्यंत एकेक. कर्णांची मापं घेऊन भिंतीवर मार्करने लिहायची. कागदावर नाही, कागद हरवतो. आणि नवा फ्लोअर पूर्ण वेल्ड होऊन बॉडी पुन्हा चासीवर बसेपर्यंत त्या पाइपांना हात लावायचा नाही. एक दिवस जातो यात. एक दिवस!

जाता जाता, गॅरेजची फरशी सपाट असते असं समजू नका. पाणी बाहेर जावं म्हणून दाराकडे उतार दिलेला असतो. चासी पाणसळ लावून लेव्हल करा, ओळंब्याने महत्त्वाचे बिंदू जमिनीवर उतरवा आणि कर्ण मोजा. गवंडी जे करतो तेच. तीस हजार रुपयांचं लेसर घेऊन उतारावर चासी वेल्ड करणारे मी बघितलेत.

चासीला बॉक्सिंग करताना, म्हणजे 'सी' आकाराच्या पट्टीला आतून प्लेट लावून बंद करताना, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वेल्ड मारू नका. इंचभर इथे, इंचभर तिथे, डावीकडे, मग उजवीकडे. चासी केळ्यासारखी वाकली की ती सरळ करायला नंतर कुणी मिळत नाही.

क्रोम केलेल्या सस्पेन्शनच्या पार्टवर वेल्डिंग नको. स्टेअरिंग आर्म तापवून वाकवणं तर नकोच नको.

विशबोन, म्हणजे पुढच्या ऍक्सलला धरून ठेवणारी व्ही आकाराची दांडी, फाडून दोन्ही बाजूंना चासीला लावणार असाल तर पुढचा ऍक्सल आय-बीम ठेवा. एक चाक खड्ड्यात गेलं की ऍक्सलला पिळ बसतो. आय-बीम तो सहन करतो, गोल पाइपचा ऍक्सल नाही. मग ताण जातो ब्रॅकेटवर, आणि एक दिवस ब्रॅकेट सुटतं.

ताशी पंचेचाळीस मैलांच्या वेगाला पुढची चाकं थडथडायला लागली की सगळे पहिल्यांदा स्टेअरिंग डॅम्पर विकत घेतात. डॅम्पर म्हणजे तापावर क्रोसिन. आधी किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) आणि टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारी दांडी) यांचा खेळ बघा, चाकं बॅलन्स करा, टो-इन, म्हणजे चाकं पुढून किती आत वळलीत ते, साधारण एक अष्टमांश इंच आहे का ते मोजा, आणि कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, पाच ते सात अंशांत आणा. तोही गाडी चाकांवर, इंजिन आत, सीटवर माणूस अशा अवस्थेत. रिकाम्या चासीवर मोजलेला कॅस्टर गाडीचा मागचा भाग बसला की बदलतो. सगळं करूनही थडथड राहिलीच तर डॅम्पर लावा, माझी हरकत नाही.

ब्रेकवर जरा जास्त बोलतो, कारण इथे जीव जातो.

मॉडेल एला कारखान्यातून रॉडचे यांत्रिक ब्रेक होते. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते १९३९च्या गाड्यांपासून, आणि तेव्हापासून पोरं ते काढून जुन्या रोडस्टरला लावतायत. आपण आता डिस्कही लावतो. पण मास्टर सिलिंडर ठेवतो कुठे? पॅडलखाली, चासीच्या आत. म्हणजे चाकावरच्या कॅलिपरपेक्षा खाली. गाडी उभी राहिली की ऑइल उताराने मागे येतं. सकाळी पहिल्यांदा दाबलं की पॅडल थेट खाली जातं, दोनदा पंप केलं की छान वर येतं. नवशिका म्हणतो, "हवा राहिली असणार." मग तो हवा काढतो. पुन्हा काढतो. एकाने चार बाटल्या ऑइल संपवलं होतं आणि बायकोला पॅडल दाबायला बसवून घरात अबोला ओढवून घेतला होता.

हवा नव्हतीच. रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनमध्ये थोडा दाब टिकवून ऑइल मागे येऊ न देणारा, तो नव्हता. डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा, ड्रमच्या लाइनला १० पीएसआयचा. उलटे लावले तर डिस्क कायम घासत राहतील. आणि जुन्या ड्रमवाल्या मास्टर सिलिंडरमध्ये तो आतच असतो, हे विसरून डिस्कला तो सिलिंडर लावणारेही आहेत.

पॅडल काय सांगतंय ते आधी ऐका. स्पंजासारखं दबतंय तर हवा. पहिल्या दाबाला खाली, लगेच दुसऱ्याला वर, आणि हे दर वेळी होतंय, तर ड्रमचे शू ऍडजस्ट केलेले नाहीत. पंप केल्यावर ठीक, पण थोडा वेळ उभी राहिली की पुन्हा खाली, तर ऑइल मागे येतंय. कडक लागून हळूहळू पाय खाली जातोय आणि बाहेर कुठे गळती नाही, तर मास्टर सिलिंडरमधला रबर गेला. आणि गाडी गरम झाल्यावर ब्रेक आपोआप धरायला लागले तर पुशरॉडला खेळ ठेवलेला नाही. ऑइल परत जायचं भोक बंद राहतं.

ब्रेकच्या पाइपला कॉम्प्रेशन जोड लावू नका. डबल फ्लेअर करा, म्हणजे पाइपचं टोक दुहेरी दुमडून पसरवा. पहिले दहा वाकडे येतील, फेकून द्या.

फ्लॅटहेड व्ही-८, म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेलं फोर्डचं जुनं इंजिन, घ्यायचं असेल तर तीन कार्ब्युरेटर आणि ऍल्युमिनियमची हेड घ्यायच्या आधी ब्लॉक मॅग्नाफ्लक्स करून, म्हणजे चुंबकाने चिरा तपासून घ्या. या इंजिनात गरम एक्झॉस्ट ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या कप्प्यांना लागून बाहेर येतो. म्हणून ते तापतं आणि म्हणूनच व्हॉल्व्हच्या आसपास चिरा जातात. आतल्या वाटांत ऐंशी-नव्वद वर्षांचा गंज आणि ओतकामाची वाळूसुद्धा सापडते. आमच्या कोल्हापूरच्या फाउंड्रीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तो आधी ब्लॉक ठोकून आवाज ऐकतो.

वायरिंगमध्ये दहापैकी आठ भुतं अर्थची असतात. सुंदर पावडर कोटिंगवर अर्थची वायर कसायची आणि मग लाइट का मिणमिणतात म्हणून रडायचं. रंग खरवडा. आणि जुन्या फोर्डचा मूळ अर्थ पॉझिटिव्ह होता, ६ व्होल्टचा. नवीन अल्टरनेटर लावताना हे डोक्यात असू द्या.

कागद. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत या गाड्यांची नोंद इंजिन नंबरावर झालेली आहे. मूळ इंजिन भंगारात दिलं की कागदावरची गाडी गेली. मॉडेल एचा नंबर चासीच्या डाव्या पट्टीवर, बॉडीखालीही ठोकलेला असतो. पैसे मोजण्याआधी तो बघा. विकणारा "बॉडी काढायला लागेल" म्हणाला तर काढायला लावा.

आणि शेवटी रंग. १९३०-४०च्या दशकातली पोरं मडगार्ड काढून, काच काढून मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर शर्यतीला जायची. पैसे नसायचे, म्हणून गाडी आधी पळायची, रंग जमला तर नंतर. आता उलटं झालंय, रंग आधी ठरतो. माझं म्हणणं, पूर्ण गाडी नुसत्या पत्र्यावर जोडा, महिनाभर चालवा, जे तुटायचं ते तुटू द्या, राहिलेली भोकं पाडा, ब्रॅकेट हलवा. मग सगळी सुटी करून रंगवा. हे ऐकून फोनवरचे लोक "हो काका" म्हणतात.

सॅन डिएगोच्या मुलालाही सांगितलं होतं की फ्लोअरचे वेल्ड काप, पाइप मार, पहिल्यापासून कर. "हो काका" म्हणाला. परवा त्याचा मेसेज आला. मला वाटलं, दारं लागली. फोटोत रंगाच्या तीन पट्ट्या होत्या आणि खाली लिहिलं होतं: यातला कोणता लाल?