भाच्याचं विमान डोलू नये म्हणून शनिवारी रात्रीच हे बघून ठेवा

भाच्याने फोमशीटचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत १.२ मीटर पंखांचं, रिमोटने उडणारं विमान बनवलंय, रविवारी सकाळी इंदूर बायपासच्या पलीकडे सोयाबीन निघालेल्या मोकळ्या शेतात उडवायचंय, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय.

सगळ्यात आधी सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू. बाकी काही नाही जमलं तरी चालेल पण हे बघितल्याशिवाय घरातून निघायचं नाही. पंखाची पुढून मागे रुंदी २० सेमी असेल तर पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेमीवर, म्हणजे २५ ते ३० टक्क्यांवर, पंखाखाली दोन्हीकडे पेनाने खूण करा, बॅटरी आत ठेवून त्या खुणांवर बोटं लावून विमान उचला, नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा, शिसं वगैरे चिकटवायची घाई नको, उगाच वजन वाढतं. आणि बॅटरीला वेल्क्रोबरोबर पट्टा पाहिजेच पाहिजे, माझं पहिलं विमान त्यातच गेलं, हातातून सोडलं तेव्हाच्या झटक्याने बॅटरी मागे सरकली, नाक वर झालं आणि दोन सेकंदात काळ्या मातीत, पंधरा दिवसांची मेहनत होती हो, फार वाईट वाटलं होतं.

मग पंख. विमान ट्यूबलाइटसमोर धरून मागून एक डोळा मिटून बघा, एखादा पंख पिळलेला असला तर विमान सारखं एका बाजूला कलणार आणि तुम्ही रिमोटवर ट्रिम देत, म्हणजे ते सरळ करत बसणार. हेअर ड्रायरने हलकं गरम करा, उलट्या बाजूने पिळा, थंड होईपर्यंत धरून ठेवा. भाच्याच्या विमानात एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) नाहीत, नुसतं शेपटीवरचं रडर (डावी-उजवीकडे वळवायला) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करायला), म्हणून पंखांची टोकं वर जास्त उचललेली हवीत, एक बाजू टेबलावर सपाट दाबली की दुसरं टोक साधारण १२ सेमी वर यायला पाहिजे. तिथे चिकटवायला ग्लू गन कमी गरम करून वापरा, फेवीक्विक थर्माकोल खातं.

मोटर दोन-तीन डिग्री खाली आणि दोन डिग्री उजवीकडे झुकलेली हवी, नाहीतर थ्रॉटल दिला, म्हणजे मोटरचा वेग वाढवला की नाक वर आणि विमान डावीकडे. मागे उभं राहून बघितलं तर वरच्या स्क्रूंखाली आणि डावीकडच्या स्क्रूंखाली वॉशर टाकले की झालं.

एलिव्हेटर बोटांनी हलवून बघा, सर्वो (त्याला हलवणारी छोटी मोटर) न हलता तो हलत असेल तर ढिलाई आहे. दोघांना जोडणारी तार सर्वोच्या आर्मवर (फिरणाऱ्या दांडीवर) आतल्या भोकात, एलिव्हेटरवरच्या हॉर्नवर (उभ्या तुकड्यावर) बाहेरच्या भोकात लावा, एलिव्हेटरची हालचाल वर-खाली १० ते १२ मिमी पुरे, रिमोटमध्ये एक्स्पो (काडी मध्याजवळ असताना हालचाल सौम्य करणारी सेटिंग) ३० टक्के. हे सगळं मोटरवरचा पंखा (प्रोपेलर) काढूनच करा, मोटर कधी फिरेल सांगता येत नाही, बोटं जातात.

बॅटरी रात्री चार्ज करा, चार्जिंगला लावून झोपू नका. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर ती जागा ग्रीन झोनमध्ये, म्हणजे उडवायला मोकळ्या भागात, आहे का बघून घ्या, आपल्याकडे इंदूरच्या पश्चिमेला विमानतळ आहे.

शेतात सातच्या आत पोचा, ऊन चढलं की मालव्यात वारं सुटतंच. पोचल्यावर मोटर बंद ठेवून वाऱ्याकडे तोंड करून जरा खालच्या दिशेने हलकंच सोडा. नाक वर जाऊन धपकन पडलं तर बॅटरी अर्धा सेमी पुढे, सरळ जमिनीत घुसलं तर अर्धा सेमी मागे, आणि पंधरा-वीस पावलं सरळ तरंगत जाऊन पोटावर टेकलं की मगच मोटर चालू करायची.