नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का? लहान गावात घरच्या घरी कसं तपासायचं आणि खराब निघालं तर काय करायचं

तालुक्याच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. कुठे दिवसाआड, कुठे चार दिवसांनी. मनमाडसारख्या गावाने तर उन्हाळ्यात पंधरा-पंधरा दिवस वाट पाहिली आहे. त्यामुळे पाणी आलं की हंडे, पिंप, टाकी भरायची धांदल उडते आणि पाणी कसं आलंय हे बघायला कुणी थांबत नाही. मीही वर्षानुवर्षं थांबले नव्हते. मग एका पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या तीन घरांत एकापाठोपाठ कावीळ निघाली. त्यात माझी भाची होती. महिनाभर ती पोर अंथरुणाला खिळून होती. तेव्हापासून मी जे शिकले आणि आजही करते, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं नीट उमगेल. पाणी फिल्टर हाउसमधून स्वच्छ निघालं तरी वाटेत बिघडू शकतं. पाइप चोवीस तास दाबाखाली भरलेली असेल तर फुटक्या जागेतून पाणी बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. पण आपल्याकडे तासभर पाणी सोडून व्हॉल्व्ह बंद करतात. पाइप रिकामी होते आणि ज्या भोकातून पाणी गळत होतं त्याच भोकातून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत झिरपतं. त्यात लोक थेट नळाच्या लाइनला मोटर लावतात. मोटर ओढते तेव्हा लाइनमध्ये पोकळी तयार होते आणि घाण आणखी जोरात आत खेचली जाते. पुढच्या वेळी पाणी सुटतं तेव्हा आत शिरलेली ही सगळी घाण पहिल्या धारेबरोबर आपल्या हंड्यात येते. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. ती हिपॅटायटिस ई या विषाणूची होती आणि तो विषाणू मुख्यतः दूषित पाण्यावाटे पसरतो.

पहिलं पाणी भरू नका

पाणी सुटल्यावर पहिली पाच-दहा मिनिटं येणारं पाणी वेगळ्या बादल्यांत घ्या. ते अंगण धुवायला, संडासात टाकायला, झाडांना वापरा. पाण्याची टंचाई असताना हे जिवावर येतं, मला माहीत आहे. पण ते फुकट जात नाही, फक्त पोटात जात नाही.

मग काचेचा स्वच्छ ग्लास भरून पांढऱ्या कागदासमोर धरा. पाणी दुधाळ दिसलं आणि मिनिटाभरात ग्लासच्या तळाकडून वर निवळत गेलं तर ती नुसती हवा आहे, काळजी नको. तांबूस पाणी बहुधा जुन्या लोखंडी पाइपच्या गंजामुळे येतं. पावसाळ्यात पिवळसर गढूळ पाणी आलं तर गाळ नीट बसलेला नाही, आणि गढूळ पाण्यात क्लोरीनचं काम नीट होत नाही, म्हणून ते जास्त धोक्याचं. कुजक्या अंड्यासारखा किंवा गटाराचा वास आला तर ते पाणी पिण्यासाठी भरूच नका, उकळण्यासाठीसुद्धा नको. थोडासा ब्लीचिंगचा वास आला तर मात्र लोक उगाच नाक मुरडतात. तो वास म्हणजे पाण्यात अजून क्लोरीन शिल्लक आहे.

क्लोरीन तपासा

सगळ्यात उपयोगी तपासणी हीच, आणि घरी होणारी. आरोग्य खात्यातले लोक तिला ‘ओटी टेस्ट’ म्हणतात. ऑर्थोटोलिडीन नावाच्या द्रावणाची छोटी बाटली आणि एक परीक्षानळी एवढंच लागतं. रंगांचा तक्ता असलेली डबीही मिळते, तिला क्लोरोस्कोप म्हणतात. नळीत खुणेपर्यंत नळाचं ताजं पाणी घ्या, बाटलीवर लिहिलेले थेंब टाका आणि हलवून लगेच, दहा सेकंदांच्या आत रंग बघा. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. पाणी होतं तसंच राहिलं तर नाही. ओटीचं द्रावण विषारी असतं. तपासलेलं पाणी मोरीत ओतून द्या, हात धुवा, बाटली मुलांपासून लांब ठेवा. डीपीडी गोळीचा संच मिळाला तर तो जास्त चांगला. त्यात रंग गुलाबी येतो.

भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे नळाच्या शेवटच्या टोकालासुद्धा लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन शिल्लक असायला हवा. विषाणूंची साथ असेल तर ०.५ मिलिग्रॅम.

काविळीच्या त्या दिवसांत एक आरोग्यसेवक आमच्या गल्लीत आले होते. त्यांनी जलकुंभाजवळच्या घरात नळी धरली तर पाणी हळदीच्या पाण्यासारखं फिकट पिवळं झालं. गल्लीच्या मध्यावर ते जेमतेम पिवळट होतं. आमच्या नळाला काहीच नाही, पाण्यासारखं पाणी. ते म्हणाले, “ताई, घाण मधेच कुठेतरी मिसळतेय. क्लोरीन तिथेच खर्च होतोय.” म्हणूनच सांगते, फक्त आपल्या घरी तपासून थांबू नका. त्याच वेळी अलीकडच्या दोन-तीन आणि पलीकडच्या एका घरातही तपासा. रंग कुठे नाहीसा होतो ते कळलं की गळती कुठे शोधायची तेही कळतं.

स्वतःची पाइप चालत जाऊन बघा

मुख्य लाइनला जिथे आपली जोडणी आहे तिथपासून नळापर्यंत चालत जा. पाइप गटारातून किंवा गटाराला खेटून जाते का? जोड कुठे आहेत? पाणी बंद असताना कुठे ओल दिसते? आमच्या शेजाऱ्यांची जुनी लोखंडी पाइप गटाराच्या तळातून गेलेली होती. गटार उपसलं तेव्हा तिच्यावर चिंधी गुंडाळून सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून बांधलेली दिसली. पट्टी केव्हाच सडली होती आणि बोटाने दाबल्यावर गंजाचे पापुद्रे सुटत होते. त्याच पाइपच्या पुढे आमची जोडणी. कधीकाळी कुणीतरी तात्पुरती केलेली दुरुस्ती दहा घरं पीत होती.

अशी पाइप दिसली तर चिकटपट्ट्या लावत बसू नका, तेवढा तुकडा बदलून गटाराच्या वरून न्या. वरून नेणं जमतच नसेल तर निदान मोठ्या अखंड पाइपच्या आतून न्या आणि गटाराच्या आत एकही जोड ठेवू नका. आणि मोटर लाइनला लावू नका. आधी नळाचं पाणी जमिनीलगतच्या हौदात पडू द्या, मग हौदातून मोटरने वर चढवा.

साठवण

चार दिवस पाणी साठवायचं तर आपली टाकी हीच आपली शेवटची पाणीपुरवठा योजना. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा तरी ती रिकामी करून घासा. गाळ काढा, ब्रशने भिंती आणि तळ घासा, मग एका बादलीत मूठभर ब्लीचिंग पावडर कालवून ते पाणी आतून सगळीकडे लावा. अर्धा तास थांबून दोनदा धुवा. जमिनीखालच्या हौदात एकट्याने उतरू नका. झाकण बराच वेळ उघडं ठेवा आणि वर कुणीतरी उभं असू द्या. ब्लीचिंगमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

पिण्याच्या भांड्याची गोष्ट त्याहून महत्त्वाची. माठात पेला बुडवून पाणी घेणं बंद करा. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचा माठ घ्या. पाणी कितीही शुद्ध केलं तरी हात बुडाला की सगळं वाया.

क्लोरीन नसेल तर घरी घाला

१,००० लिटर पाण्याला चांगली, ताजी ब्लीचिंग पावडर साधारण अडीच ग्रॅम लागते. ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, पण डबा उघडा राहिला, ओल लागली की तो उडून जातो. गेल्या वर्षीची गठ्ठे झालेली पावडर टाकून समाधान मानू नका. अडीच ग्रॅम घरी मोजता येत नाही म्हणून मी किराणा दुकानातून २५ ग्रॅम वजन करून आणते, त्याच्या दहा सारख्या पुड्या बांधते आणि हवाबंद डब्यात ठेवते. एक पुडी आधी थोड्या पाण्यात कालवा, बादलीभर पाण्यात मिसळा, चुना खाली बसू द्या आणि फक्त वरचं निवळ पाणी टाकीत ओता. तासभर थांबा. मग ओटी टेस्ट करा. पिवळा रंग आला की झालं. पिण्यापुरत्या पाण्याला क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब सोपे पडतात. प्रमाण पाकिटावरचं पाळा, अंदाजाने नाही.

गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या आणि चार पदरी स्वच्छ फडक्यातून गाळा. तुरटीने पाणी निवळतं, जंतू मरत नाहीत. आमच्या आजीचा तुरटीवर फार भरवसा होता, आणि निवळण्यापुरता तो बरोबरच होता, पण नंतर उकळणं किंवा क्लोरीन हवंच. उकळायचं तर बुडबुडे दिसले की गॅस बंद करू नका. खळखळ उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट, पावसाळ्यात चार-पाच मिनिटं उकळू द्या आणि त्याच भांड्यात झाकून गार करा.

प्रयोगशाळेत नमुना द्या

वर्षातून एकदा तरी हे करा. बोअरचं पाणी मिसळत असेल तर नक्कीच. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते. आधी फोन करून शुल्क आणि नमुना घेण्याचा वार विचारून घ्या. नमुने दोन लागतात. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरा. जंतूंच्या तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळाच देते. ती मात्र विसळू नका. तिच्यात पाण्यातला क्लोरीन मारणारं औषध घातलेलं असतं, ते धुऊन गेलं तर निकाल चुकतो. धातूच्या नळाचं तोंड पुसून ज्योतीने शेकवा, दोन मिनिटं पाणी सोडा, बाटली भरताना वर थोडी जागा ठेवा आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

अहवाल आला की आधी ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू, बघा. १०० मिलिलिटरमध्ये तो सापडताच कामा नये. मग नायट्रेट, मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. तान्ह्या बाळाला वरचं दूध देत असाल तर हा आकडा फार महत्त्वाचा, कारण जास्त नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटते. फ्लोराइड १ पर्यंत हवं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत हाच प्रश्न आहे. विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, ५०० पर्यंत चांगले, पर्याय नसेल तर २,००० पर्यंत. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात लोक याच्याशी पिढ्यान्‌पिढ्या झगडत आहेत. नायट्रेट, फ्लोराइड आणि क्षार उकळून जात नाहीत, उलट पाणी आटल्यावर थोडे वाढतातच.

मशीन घ्यायचं की नाही हे हा अहवाल हातात आल्यावरच ठरवा. क्षार, फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल तर आरओ लागेल. फक्त जंतूंचा प्रश्न असेल तर युव्ही, म्हणजे अतिनील किरणांनी जंतू मारणारं मशीन, पुरतं, तेही निवळ पाण्यालाच. दारावर येणारे विक्रेते पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडतात, तुमचं पाणी तपकिरी होतं, त्यांचं स्वच्छ राहतं. ती घाण तुमच्या पाण्यात नसते. लोखंडी सळी विरघळून तो रंग येतो. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, आरओच्या पाण्यात क्षार नसल्याने वाहत नाही. त्यांच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तपकिरी होईल. टीडीएस मीटरलाही जंतू दिसत नाहीत. त्यावर ८० आकडा आला म्हणून पाणी सुरक्षित ठरत नाही.

तक्रार अशी करा

एकट्याने तोंडी सांगितलेलं हवेत विरतं. मीही दोनदा नुसतं सांगून परत आले होते, काही झालं नाही. तिसऱ्यांदा गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्या घेऊन गेले. अर्जात तारीख, पाणी सुटल्याची वेळ, कोणत्या घरी ओटी टेस्टला रंग आला आणि कुठे नाही आला, असा साधा तक्ता जोडला. सोबत गटारातल्या पाइपचा फोटो. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. आठवड्याभरात खोदाई झाली. उत्तर आलंच नाही तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर आपल्या भागातल्या क्लोरीन तपासणीच्या नोंदवहीची आणि जंतू तपासणीच्या अहवालांची प्रत मागा. साधारणपणे ३० दिवसांत माहिती द्यावी लागते.

गल्लीत दोन-तीन घरांत एकाच वेळी जुलाब, उलट्या किंवा कावीळ दिसली तर अर्जाची वाट बघू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना कळवा, घरोघर पाणी उकळायला सांगा, जुलाब होणाऱ्याला ओआरएस सुरू करा. आमच्याकडे पहिल्या घरातली कावीळ कळवायला बारा दिवस गेले होते.