ठोसा पचवण्याची तयारी

नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पहाटे बॉक्सिंगच्या सरावाला येणारी नवी मुले मला हमखास एकच प्रश्न विचारतात : मार पचवण्याची ताकद कशी वाढवायची? डोक्यावर रोज थोडे थोडे ठोसे खाल्ले की डोके टणक होते, असा त्यांच्यापैकी अनेकांचा समज असतो. तो आधी मनातून काढून टाकावा. सरावाने पोटाचे स्नायू भक्कम होतात, हाताची कातडी राठ होते. मेंदू मात्र मार खाऊन कधीच घट्ट होत नाही, उलट प्रत्येक जबर धक्क्याने त्याची झीजच होते.

कवटीच्या आत मेंदू द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, बसला की डोके झटक्यात वळते, मेंदू क्षणभर मागे राहतो, त्यातील तंतूंना पीळ बसतो आणि माणूस भान हरपून कोसळतो. म्हणून ठोसा पचवणे म्हणजे मुख्यतः डोक्याला बसणारा हा झटका कमी करणे होय. काहींना ही देणगी जन्मतःच अधिक मिळते, हे मान्य करावे लागते. बाकीचे कमवावे लागते.

त्यात मी नजरेला पहिले स्थान देतो, कारण बॉक्सरला बहुतेक वेळा न दिसलेला ठोसाच आडवा करतो. दिसलेल्या ठोशासाठी मान आपोआप ताठ होते, दात आवळले जातात आणि ठोसा ज्या दिशेने जातो त्याच दिशेने डोके थोडे सरकवून त्याचा जोर मोडता येतो. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात मोहम्मद अली रिंगच्या दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे झेलत राहिले आणि आठव्या फेरीत त्यांनी फोरमनला पाडले. पण ते ठोसे बहुतांशी दंडांवर आणि बरगड्यांवर येतील अशी व्यवस्था त्यांनी केली होती, हे आपण विसरतो. सरावासाठी जोडीदाराला तीन मिनिटे अगदी सावकाश जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, मारायला सांगावे आणि पापणी न मिटता ग्लोव्ह कपाळापर्यंत येताना पाहावा. हनुवटी छातीकडे झुकलेली आणि तोंड बंद असावे. उघड्या जबड्यावर बसलेला ठोसा फार महागात पडतो.

त्यानंतर मान. आपल्या जुन्या नाशिकच्या तालमींत पैलवान मानेवर जी मेहनत घेतात, ती बॉक्सरने आदराने पाहावी. मात्र डोके मातीत टेकवून शरीराची कमान करण्याचा व्यायाम वस्तादांच्या देखरेखीशिवाय करू नये. नवख्याने कपाळाला तळवा लावून दहा सेकंद मानेने रेटावे व हाताने अडवावे, मग हेच मागून आणि दोन्ही बाजूंनी करावे. टॉवेल वापरल्यास रेटा अधिक नीट देता येतो. पायांकडेही दुर्लक्ष नको : गुडघे किंचित वाकलेले असतील तर धक्का जमिनीत उतरतो, दोन्ही पाय एका रेषेत असतील तर हलका ठोसाही तोल घालवतो.

पोटावरचा मार मात्र खरोखर सरावाने पचवता येतो. ठोसा लागतानाच ‘स्स्’ असा आवाज करत श्वास सोडावा आणि पोट आवळावे. मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) पोटावर हलकेच टाकून हे अंगवळणी पाडावे. उजव्या बरगडीखालील यकृताला मात्र कोपरानेच झाकावे. २००४ मध्ये ऑस्कर डी ला होयासारखा कसलेला बॉक्सर तिथे बसलेल्या बर्नार्ड हॉपकिन्सच्या एका ठोशाने नवव्या फेरीत खाली बसला आणि उठू शकला नाही.

वजन उतरवण्यासाठी एप्रिलच्या उन्हात प्लॅस्टिकचे जॅकेट घालून धावणारी मुले पाहिली की मला काळजी वाटते, कारण पाणी तोडलेले शरीर थकते, थकलेली मान सैल पडते आणि नजरही मंदावते. गमशील्ड दातांचे रक्षण करते, हेडगार्ड जखमा टाळते. मेंदूचा झटका यांपैकी एकही थांबवत नाही. म्हणून जोरदार स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, मोजकेच, शक्यतो सोळा औंसांच्या ग्लोव्हने करावे.

डोक्याला जबर ठोसा लागल्यावर डोके दुखू लागले, मळमळले, नजर धूसर झाली किंवा काय घडले ते आठवेनासे झाले, तर त्याच क्षणी सराव थांबवावा. अशा मुलाला एकट्याने दुचाकीवर घरी पाठवू नये. घरच्यांना बोलावून डॉक्टरांकडे न्यावे, आणि उलट्या सुरू झाल्या किंवा झोपेतून जागे करणे कठीण जाऊ लागले तर मध्यरात्र असली तरी थेट रुग्णालय गाठावे. डॉक्टरांची परवानगी मिळेपर्यंत त्याने दोरीवरच्या उड्यासुद्धा मारू नयेत.