भेगा, गाळ आणि केळीचं पान : अमूर्त चित्रकलेकडे वळणाऱ्यांसाठी

अमूर्त चित्र म्हणजे मनाला येईल तसा रंग फासणं, असं धरून सुरुवात केली की चौथ्या-पाचव्या कॅनव्हासपाशी गाडी अडते. हाताला सवयीची दोन-तीन वळणं असतात, तीच उमटत राहतात. विज्ञान आणि निसर्ग इथे कामी येतात. नदी-डोंगराचं रूप उचलू नका. ते रूप ज्या क्रियेतून घडलं ती समजून घ्या आणि तिचा नियम रंगाला लावा. खानदेशात असे नियम बघायला गावाबाहेरच्या शेतापर्यंत गेलं तरी पुरतं.

एप्रिल-मेमधलं काळ्या जमिनीचं रिकामं शेत घ्या. ही माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते आणि ताण असह्य झाला की फाटते. पहिली भेग लांब जाते. नंतरची भेग तिला जवळजवळ काटकोनात मिळते, कारण पहिल्या भेगेच्या काठाशी आडवा ताण सुटलेला असतो, उरतो तो फक्त काठाला समांतर. तीच माती वारंवार भिजली-वाळली की सांधे बदलत जातात आणि तीन भेगा १२० अंशांच्या आसपास मिळू लागतात. आता हे कागदावर आणा. ३० × ३० सेंमी कागदावर तीन लांब रेषा ओढा. पुढची प्रत्येक रेषा आधीच्या एखाद्या रेषेवरून काटकोनात निघेल आणि दुसरी रेषा आडवी आली की थांबेल. सर्वांत लहान तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा झाला की थांबा. भेगेचं चित्र काढायचं नाही, एवढं मात्र पाळा. माती दाखवण्यासाठी छाया-प्रकाश देण्याचा मोह नवख्यांना हमखास होतो, आणि मग ते ना निसर्गचित्र राहतं ना अमूर्त.

रावेर-यावलच्या केळीच्या बागेत दुसरा नियम मिळतो. पानाच्या शिरा मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत समांतर जातात, म्हणून वाऱ्याने पान फाटतं ते शिरांच्या दिशेनेच. पट्ट्यांची दिशा ठरलेली, रुंदी मात्र वाऱ्यावर. एक गोष्ट बांधलेली आणि एक मोकळी, हे रचनेचं फार उपयोगी सूत्र आहे. धुळे-नंदुरबारकडे भिंतीसारख्या सरळ, अरुंद टेकड्या दिसतात. जुन्या बेसाल्टच्या भेगांत लाव्हारस घुसून थिजला, भोवतालचा खडक झिजला आणि ती भिंत उरली. चित्रात याचा अर्थ असा की जाड थर आधी द्या, भोवतालचं नंतर खरवडा.

वहीत निरीक्षणासाठी तीन रकाने ठेवा: काय दिसलं, का झालं, रंगाला कोणता नियम लावता येईल. तिसरा रकाना रिकामा राहिला तर त्या निरीक्षणाचं चित्र अजून झालेलं नाही.

काही क्रिया रंग स्वतःच करतो. दोन जाड पारदर्शक प्लॅस्टिक शीटमध्ये चमचाभर घट्ट अ‍ॅक्रिलिक दाबा आणि शीट सरळ वर उचलून वेगळ्या करा. हवा कडेने आत घुसते आणि झाडासारख्या फांद्या उमटतात, कारण पातळ पदार्थ घट्ट पदार्थाला ढकलू लागला की त्यांची सीमा सरळ राहत नाही. रंग श्रीखंडाइतका घट्ट हवा. पाणी जास्त झालं तर नुसता डाग पडतो, शीट तिरकी ओढली तर फांद्या पुसल्या जातात. दुसरा प्रयोग पातळ रंगाच्या थेंबाचा. गुळगुळीत कागदावर थेंब वाळला की त्याची कड गडद होते. कडेशी पाणी लवकर उडतं, ते भरून काढायला मधलं पाणी बाहेर सरकतं आणि सोबत रंगकण नेतं. कड हवी असेल तर थेंब हलवू नका. नको असेल तर वाळण्याआधी कोरड्या ब्रशने पाणी टिपा.

आता मातीचे रंग. अजिंठ्याच्या भिंतींवरचे गेरू, पिवळी माती आणि हिरवी माती हे सगळे खनिज रंग आहेत. निळा लाजवर्द (त्याच नावाच्या निळ्या दगडाची पूड) तेवढा बाहेरून आलेला. लोहाच्या ऑक्साइडचे रंग उन्हात उडत नाहीत. हळद, पळसाची फुलं, बीट यांचे उडतात, म्हणून विकायच्या चित्रात ते वापरूच नका. काळी, गावठाणाची पांढरी, नदीकाठचा गाळ, घाटरस्त्याच्या कापलेल्या कडेत बेसाल्टच्या थरांमध्ये दिसणारी तांबडी माती, एवढ्यावर सुरुवातीची पेटी तयार होते. नुकतंच खत दिलेल्या शेतातली माती टाळा. क्षार राहिले तर महिन्याभराने चित्रावर पांढरी बुरशीसारखी पूड येते.

पाव किलो माती एक लिटर पाण्यात ढवळा, अर्धा मिनिट थांबा आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. तळाची वाळू टाका. असं तीनदा करा. शेवटचं गढूळ पाणी रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी काढून ताजं घाला, पुन्हा निवळू द्या. क्षार जातात ते या पाणीबदलाने. गाळ ताटात वाळवा, खलात घोटा, मलमलीतून चाळा. वापरताना आधी पाण्यात लगदा करा, मगच साधारण तेवढंच अ‍ॅक्रिलिक मीडियम (रंगकण धरून ठेवणारा बिनरंगी चिकट द्रव) घाला. कोरडी पूड थेट मीडियममध्ये टाकली की गुठळ्या होतात. वाळल्यावर बोट फिरवा. पूड बोटाला लागली तर मीडियम कमी पडलं. फेविकॉल सरावापुरता ठीक. ओल लागली की तो परत मऊ होतो.

काळी माती रंगातही तिचा स्वभाव सोडत नाही. जाड थर दिला की तडकते आणि पोपडे सुटतात. तडा हवाच असेल तर कॅनव्हास नको, ९ मिमी प्लायवूड घ्या, गेसोचे (रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात द्या आणि तडकल्यावर पातळ मीडियम भेगांत मुरू द्या. कॅनव्हास हलतो, माती हलत नाही. एवढ्या साध्या कारणाने कितीतरी चित्रं वाया जातात.

खानदेशी उन्हाळ्यात अ‍ॅक्रिलिक पॅलेटवरच वाळतं. ताटात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेवा. काम सकाळी लवकर उरका. तैलरंगाचं गणित वेगळं, तो पाणी उडून नव्हे तर हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो. म्हणून खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे. अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, उलटं केलं तर वरचा थर सुटतो. आणि जवसाच्या तेलाऐवजी घरातलं शेंगदाणा तेल घालू नका, ते वाळतच नाही.

चित्र पूर्ण झालं का, हे बघायला ते उलटं टांगा, दहा फुटांवरून पाहा, मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. फोटोत सगळं एकाच करड्या छटेचं दिसलं तर रंग कितीही भडक असले तरी चित्र सपाट आहे. घाई नको. रोलर आणि पॅलेट नाइफने थर चढवत-उतरवत काम करणारे अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला मोजकीच चित्रं करत.

विज्ञान शोभेला लावू नका. सूर्यफुलाच्या बिया अनेकदा एका दिशेने ३४ आणि उलट दिशेने ५५ सर्पिलांत मांडलेल्या असतात आणि या आकड्यांचं प्रमाण सुवर्ण गुणोत्तराच्या (सुमारे १.६१८) जवळ जातं, ही गोष्ट खरी आहे, पण कॅनव्हासवर सर्पिल काढून खाली ‘सुवर्ण गुणोत्तर’ लिहिल्याने चित्र चांगलं होत नाही. प्रदर्शनांत हे फार दिसतं.

शिक्षणासाठी चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा शाळेतच देऊन टाका. पदवीला राज्याची कला प्रवेश परीक्षा लागते आणि तिथे वस्तुचित्र, स्मरणचित्र यांचा हात तपासतात, अमूर्त नव्हे. पोर्टफोलिओत एकाच विचाराची १०-१२ चित्रं ठेवा. मुंबईच्या जहांगीरसारख्या कलादालनासाठी अर्ज खूप आधी करावा लागतो, तोवर स्थानिक प्रदर्शनांत भाग घेत राहा.

जळगाव-भुसावळहून मुंबईला चित्र पाठवताना बबल रॅप थेट रंगावर गुंडाळू नका. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने मऊ होतं आणि फुग्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात. आधी बटर पेपर, मग पुठ्ठा, बबल रॅप सर्वांत बाहेर. आणि मे महिन्यात टपावर टाकून नेणाऱ्या गाडीत चित्र देऊच नका.