कळलावीचा कंद कुजण्यापासून कसा वाचवला
इंदूरजवळच्या पाताळपाणीच्या झाडीत पावसाळ्यात कळलावीची वेल मी पानांवरूनच ओळखतो, कारण पानाचे टोक तणाव्यासारखे वळून शेजारच्या काटकीला घट्ट धरते. इंदूरच्या आमच्या अंगणात मात्र रोपवाटिकेतून आणलेले कंद दोनदा कुजले; दिवाळीनंतर वेल वाळली तरी मी पाणी घालत राहिलो आणि माळव्याची काळी माती ओल धरून बसते, हे ध्यानात घेतले नाही. तिसऱ्या वर्षी मातीत निम्मी वाळू मिसळली, वेल पिवळी पडताच पाणी थांबवले आणि कंद काढून कोरड्या वाळूत ठेवला. कोंब कंदाच्या टोकालाच फुटतो, म्हणून ते टोक जपून जूनमध्ये तो आडवा लावला. ऑगस्टमध्ये लाल-पिवळ्या, नागमोडी पाकळ्यांचे पहिले फूल उमलले. कंद अतिशय विषारी असल्यामुळे नातवंडांचा हात पोहोचणार नाही, अशाच जागी कुंडी ठेवली आहे.