आधी खांदा बघा: रोमन नाण्यांवरच्या छबी ओळखताना

डोक्यावर काय आहे हे ओळखायला फार वेळ लागत नाही. लॉरेलच्या पानांचा मुकुट की टोकदार किरणांचा, एवढंच. दुपोंडियस या नाण्यावर आणि पुढे इ.स. 215 मध्ये सम्राट काराकल्लाने काढलेल्या अँटोनिनियानस या नाण्यावर किरणांचा मुकुट ही दुप्पट मोलाची खूण. अँटोनिनियानसवर सम्राज्ञी असेल तर तिच्या खांद्यांखाली चंद्रकोर. हे आठवड्याभरात जमतं.

मी अडकले ती खांद्यापाशी. सम्राट प्रोबसची (इ.स. 276–282) काही नाणी नोंदवायला मिळाली होती. बहुतेकांपुढे मी ‘चिलखतावर शेला’ असं लिहून टाकलं आणि निम्म्याहून जास्त नोंदी परत आल्या. त्या छबी नुसत्या चिलखतातल्या होत्या. ज्या रेघांना मी शेल्याच्या चुण्या समजले, त्या चिलखताच्या खांद्यावरून लोंबणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या होत्या. फार लागलं ते मनाला.

म्हणून सांगते, नाणं दिव्याखाली सरळ धरू नका. उजेड एका बाजूने, तिरपा पडू द्या आणि नाणं हळूहळू फिरवा. पट्ट्या शेजारी शेजारी, जवळजवळ समांतर उतरतात आणि खाली तुटक संपतात. चुण्या वळतात आणि खांद्यावरच्या गोल पिनेकडे गोळा होतात. पिन दिसली तर शेला आहेच. शेल्याखालून पट्ट्याही डोकावत असतील तर दोन्ही लिहा. मग बघा, छाती आपल्याकडे वळली आहे की पाठ. पाठ असेल तर शेल्याचा घोळ पाठीवरून उतरताना दिसतो. कॅटलॉगात या दोन छबी वेगळ्या धरलेल्या असू शकतात.

घासलेल्या नाण्यावर हे दिसणारच नाही. तिथे ‘अस्पष्ट’ लिहा. अंदाज अजिबात लिहू नका.

लिलावातलं वर्णन उतरवून घेणं हा सगळ्यात वाईट शॉर्टकट आहे, कारण तिथली चूकही पुढच्याने तशीच उचललेली असते. कॅटलॉगात छबीच्या प्रकारांना दिलेली सांकेतिक अक्षरंही पाठ करू नका. कॅटलॉगाच्या एका खंडातलं अक्षर दुसऱ्यात वेगळ्या छबीसाठी येतं. आणि उत्तर लगेच सांगून टाकणाऱ्या गुरूपेक्षा नाणं पुन्हा हातात देणारा गुरू बरा. मला तसा मिळाला.

घाबरू नका, डोळा बसतो. सुरुवात प्रोबसपासूनच करा. शिरस्त्राण, भाला नि ढाल घेतलेला, गरुडाचा राजदंड धरलेला कॉन्सुलच्या (रोममधल्या वरिष्ठ पदाधिकाऱ्याच्या) वेषातला, असे त्याचे कितीतरी अवतार आहेत. रोज एका नाण्याचा फक्त खांदा वहीत पेन्सिलने काढा. माझ्या वहीत विसाव्या चित्रापासून पट्ट्या पट्ट्यांसारख्या दिसायला लागल्या.