रसायनशास्त्रातील उन्हाळी संशोधन: अर्जाची तयारी दिवाळीनंतरच

घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच व्यक्ती असलेल्या आणि तालुक्याच्या ठिकाणी बी.एस्सी. करणाऱ्या विद्यार्थ्याची उन्हाळी संशोधनाची संधी पुष्कळदा गुणांमुळे नव्हे, तर मुदत उलटल्यावर जाहिरात समजल्यामुळे हुकते. बेंगळुरू, नवी दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादम्या मिळून जी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, तिचे दोन महिन्यांचे काम उन्हाळ्यात चालत असले तरी अर्ज आधीच्या हिवाळ्यात मागवले जातात. म्हणून दिवाळीची सुट्टी संपताच संकेतस्थळ पाहू लागावे. पात्रतेच्या अटी त्या वर्षीच्या पत्रकातच वाचाव्यात. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस (नॅशनल इनिशिएटिव्ह ऑन अंडरग्रॅज्युएट सायन्स) हा उपक्रमही पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच असून त्यात रसायनशास्त्राचा समावेश आहे.

अर्जातील खरी कसोटी म्हणजे तुम्हाला काय करायचे आहे हे सांगणारे छोटे टिपण. ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे’ हे वाक्य निवडणाऱ्यांनी इतक्यांदा वाचलेले असते की ते न लिहिलेलेच बरे. त्याऐवजी स्वतःच्या हाताने केलेले काम सांगावे. समजा, गावातील विहिरीच्या पाण्याचा कठीणपणा ईडीटीए या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणाऱ्या रसायनाने मोजताना एरिओक्रोम ब्लॅक टी या रंग बदलणाऱ्या दर्शकाचा लालसर रंग स्वच्छ निळा न होता जांभळटच राहिला. तर बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) कमी पडल्याने पीएच 10 च्या खाली गेला होता, की पाण्यातील लोह किंवा तांब्याने दर्शकाला धरून ठेवले होते, हे तुम्ही कसे तपासले ते चार वाक्यांत लिहावे. महागड्या उपकरणांची नावे पेरण्यापेक्षा असा फसलेला आणि मग उलगडलेला प्रयोग कितीतरी अधिक बोलतो.

शिफारसपत्र पदाने मोठ्या व्यक्तीपेक्षा तुमचे जर्नल (प्रात्यक्षिकांची वही) तपासणाऱ्या शिक्षकांकडून घ्यावे, कारण ‘वर्तणूक चांगली आहे’ एवढ्याने संशोधनाची कुवत कळत नाही. सरांना किंवा मॅडमना निदान तीन आठवडे आधी प्रत्यक्ष भेटावे आणि गुणपत्रिका, टिपणाचा मसुदा व तुम्ही केलेल्या प्रयोगांची यादी सोबत द्यावी. असे पत्र लिहिण्याची त्यांचीही पहिलीच वेळ असू शकते.

निवड झाल्यावर राहण्याची सोय कोणी करायची, हे लगेच विचारून घ्यावे. पाठ्यवेतन पहिल्याच दिवशी हातात पडेल असे धरू नये. पहिल्या महिन्याची खोली आणि खानावळ यांची तजवीज घरी बोलून आधीच करावी. सुती कपडे आणि पाय पूर्ण झाकणारे बूट सोबत न्यावेत. पहिल्या आठवड्यात टीएलसी किंवा कॉलम (मिश्रणातील घटक वेगळे करण्याच्या क्रोमॅटोग्राफीच्या पद्धती) जमत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. ज्यांच्या महाविद्यालयात फ्यूम हूडच (घातक वाफा बाहेर खेचणारे बंदिस्त कपाट) नव्हता, त्यांनी तो वापरायला शिकवा म्हणण्यात कमीपणा नाही. नोंदवही बहुधा प्रयोगशाळेतच ठेवावी लागते, त्यामुळे निघण्यापूर्वी मार्गदर्शकांच्या परवानगीने आपल्या नोंदींची प्रत काढून घ्यावी, म्हणजे अहवाल आठवणीवर विसंबून लिहावा लागणार नाही.